ठोके बिघडलेला रुग्ण आणि नवी सिस्टर: कोकणातल्या लहान रुग्णालयात कामाला लागताना

माझ्या नोकरीचा पहिलाच पावसाळा. रात्री दीडच्या सुमारास पन्नाशीच्या एक काकू वॉर्डात आल्या. "सिस्टर, छातीत धडधडता, डोळ्याफुडे काळोख इलो," एवढंच परत परत सांगत होत्या. मी मॉनिटर लावला. आकडा १९०. हात माझेच थरथरायला लागले. मी तशीच डॉक्टरांना उठवायला क्वार्टरकडे धावले. परत आलो तर आकडा ८२ आणि काकू मावशींकडे चहा मागतायत. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रिप दाखवा." स्ट्रिप, म्हणजे ठोक्यांची कागदावरची रेघ, नव्हती. मी काढलीच नव्हती.

त्या काकू पुढच्या दोन महिन्यांत तीनदा आल्या. दर वेळी पोचेपर्यंत ठोके ठीक, आणि केसपेपरवर "मानसिक ताण" असा शेरा. चौथ्या वेळी ड्युटीवरच्या ब्रदरने आधी प्रिंटचं बटण दाबलं, मग फोन उचलला. कागदावर स्वच्छ एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून उठणारे भरधाव ठोके) दिसत होतं. तो कागद घेऊन त्या कोल्हापूरला गेल्या, कॅथेटरने हृदयातली ती जादाची वाट जाळून घेतली, आणि आता गोळीशिवाय भातलावणी करतात.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ नसतो. तो घाटावर असतो, नाहीतर गोव्यात बांबोळीला. बिघडलेला ठोका तिथे पोचेपर्यंत थांबत नाही. तुम्ही कागदावर जे पकडाल तेवढंच त्याला दिसतं. पुस्तकातलं सगळं तुम्ही शिकून आला आहातच, मी फक्त इथे काम करताना काय अडतं ते क्रमाने सांगते. औषधांचे डोस लिहिलेत ते तयारीत राहण्यासाठी. ऑर्डर डॉक्टरांचीच.

हाताशी काय हवं

- सेकंदकाटा असलेलं घड्याळ (मोबाइल नको, तो नेमका तेव्हाच वाजतो)
- ईसीजी मशीन, कागदाचा एक जादा रोल, जेली
- न उघडलेलं इलेक्ट्रोडचं पाकीट, कोरडा गॉज, रेझर
- डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र), चार्ज केलेला
- १८ किंवा २० नंबरची व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी), थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), २० मिलीच्या सिरिंजा
- इमर्जन्सी ट्रेमध्ये ॲट्रोपिन, ॲड्रिनलिन, ॲडेनोसिन, अमिओडॅरोन, मॅग्नेशियम सल्फेट
- ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली (का ते पुढे)
- ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग
- रुग्णाचा जुना ईसीजी आणि चालू गोळ्यांची पिशवी. चिठ्ठी नाही, पिशवीच मागा.

## १. चार्ज घेताना आधी यंत्रं बघा

ओव्हर घेताना सगळं लक्ष पेशंटच्या यादीवर असतं. त्याआधी पाच मिनिटं डीफिब्रिलेटरला द्या. प्लग काढून बॅटरीवर चालू करा, टेस्ट शॉक मारून बघा, कागद सरकतो का बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि "चार्जिंगला लावलंय" म्हणजे चार्ज झालंय असं नाही. एकदा आमच्याकडे प्लग भिंतीत होता, बटण मात्र बंद. तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

इलेक्ट्रोडचं पाकीट एकदा उघडलं की जेल सुकतं. उघडं पाकीट पुढच्या पाळीला वारशाने देऊ नका.

## २. मनगट धरा, पूर्ण एक मिनिट

१५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे सोडा. ठोके अनियमित असतील तर तो हिशेब साफ चुकतो. पूर्ण ६० सेकंद मोजा, आणि आकड्याबरोबर नियमित आहे की नाही हेही लिहा. विश्रांतीत ६० ते १०० हा नेहमीचा पट्टा. पण ५२ ठोक्यांचा, रोज होडी वल्हवणारा तगडा गडी आरामात गप्पा मारत असेल तर तो त्याचा स्वभाव. ५२ ठोके आणि अंगाला गार घाम असेल, तर तो आजार.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ठोके अनियमित पडतात), असेल तर मनगटावरचे आणि छातीवरचे ठोके जुळत नाहीत. काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. एकीने स्टेथो छातीवर ठेवायचा, दुसरीने मनगट धरायचं, घड्याळ एकच, मिनिट तेच. छातीवर ११८ आणि मनगटावर ९४ आले तर फरक २४. हा पल्स डेफिसिट चार्टवर लिहा. रात्री एकट्या असाल तर मनगटावर विसंबू नका, छातीवरचेच मोजा. औषध लागू पडतंय का, हे या फरकावरूनही कळतं. एएफमध्ये बीपीचं ऑटोमॅटिक मशीनही गोंधळतं. हाताने तीनदा मोजून सरासरी लिहा.

मोजता मोजता एक प्रश्न विचाराच: "कधीपासून?" एएफला ४८ तास उलटले की हृदयात गुठळी झालेली असू शकते. मग घाईने शॉक किंवा औषध देऊन ठोका जाग्यावर आणला तर ती गुठळी मेंदूत जायची भीती. म्हणजे डॉक्टरांचा सगळा बेत या एका उत्तरावर ठरतो. आणि आपली माणसं घड्याळात उत्तर देत नाहीत. "पालखी घरात इली तेव्हापासून," "भरती लागली तेव्हा," "गौरी गेल्या त्या रात्री." तिथेच सोडू नका. कोणती भरती, आजची की कालची? भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, खलाशाला ती तोंडपाठ असते, त्याच्याकडूनच वाजले किती ते काढून घ्या आणि तारखेसकट लिहा.

## ३. ईसीजी नीट काढा

आपल्या दमट हवेत निम्मे ईसीजी घामामुळे खराब येतात. छाती कोरड्या गॉजने खसखसून पुसा, केस असतील तिथे रेझर फिरवा. मासेमारीवरून थेट आलेल्या माणसाच्या अंगावर मीठ असतं, ते आधी ओल्या कापडाने आणि मग कोरड्याने पुसा.

हातापायाच्या वायरी लावताना रस्त्यावरचा सिग्नल आठवा: लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला. उरलेली काळी उजव्या पायाला. दोन्ही हातांच्या वायरी उलटसुलट झाल्या की लीड एकमध्ये सगळं उलटं दिसतं आणि एव्हीआर सरळ उभं राहतं. असं दिसलं तर रुग्णाला आजार चिकटवण्याआधी वायरी तपासा.

छातीवर व्ही १ आणि व्ही २ चौथ्या फासळीफटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला. व्ही ४ पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही ३ या दोघांच्या मधे. व्ही ५ आणि व्ही ६ हे व्ही ४ च्याच पातळीत काखेकडे. फटी बोटांनी मोजा, अंदाजाने नको. बायकांच्या बाबतीत संकोचाने व्ही ४ वर सरकवला जातो. पडदा ओढा, मावशींना जवळ उभं करा आणि जागेवरच लावा.

कागदाचा वेग २५ मिमी, उंची १० मिमी. लीड दोनची लांब स्ट्रिप निदान एक मिनिटाची काढा. तिच्यावर नाव, तारीख, वेळ आणि त्या क्षणी रुग्णाला काय होत होतं ते पेनाने लिहा. "०२:१०, धडधड चालू, बीपी १००/७०." आणि लगेच मोबाइलवर फोटो काढून झेरॉक्सही करा. हा कागद उष्णतेवर उमटणारा असतो. ऊन, स्पिरिट, सेलोटेप, प्लास्टिकची पिशवी, कशानेही तो पुसट होतो. मी दोन वर्षांपूर्वीचे ईसीजी पांढरे कोरे झालेले बघितलेत.

## ४. कामापुरता कागद वाचा

तुम्ही निदान करायचं नाही, पण फोनवर सांगता यायला हवं. तीन गोष्टी पुरतात: वेग, नियमितपणा, मधला कॉम्प्लेक्स अरुंद की रुंद.

लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२ सेकंद. ठोके नियमित असतील तर ३०० ला दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकोनांनी भागा. अनियमित असतील तर ३० मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, मोजा, त्यातले ठोके गुणिले दहा. क्यूआरएस, म्हणजे हाच मधला कॉम्प्लेक्स, तीन लहान चौकोनांत बसला तर अरुंद. त्याहून रुंद, वेगवान आणि नियमित दिसला तर तज्ज्ञ नाही म्हणेपर्यंत व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे धोक्याचे भरधाव ठोके) समजा. "माणूस बोलतोय म्हणजे व्हीटी नसेल" हा नव्या मुलींचा हमखास गैरसमज आहे. व्हीटी असलेला माणूस माझ्याशी आंब्याच्या पेटीच्या भावावर वाद घालत होता.

मॉनिटर खोटंही बोलतो. दात घासणाऱ्याच्या हालचालीने व्हीटीसारखी रेघ येते, थंडीने कुडकुडणाऱ्याची व्हीएफसारखी (खालचे कप्पे नुसते थरथरतात, नाडी नसते), वायर सुटली की सपाट. उंच टी वेव्हलाही (ठोक्यामागून येणारा फुगवटा) मशीन ठोका धरतं आणि आकडा दुप्पट दाखवतं. म्हणून आधी रुग्णाच्या तोंडाकडे बघा. पण अलार्म बंद करून ठेवू नका. मर्यादा त्या रुग्णाप्रमाणे बदला.

## ५. फोन करताना

बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली, ग्लानी, छातीत दुखणं, धाप, गार घाम, यातलं एक जरी असलं तरी रुग्ण अस्थिर. एकीने फोन करायचा, दुसरीने ऑक्सिजन, व्हेनफ्लॉन आणि डीफिब्रिलेटर रुग्णापाशी आणायचं.

"सर, लवकर या, पेशंट सिरियस आहे" असा फोन करू नका. असा करा: "सर, बेड सहा, ६२ वर्षांचे काका, पाऊण तासापासून धडधड. ठोके १६८, अनियमित, अरुंद. बीपी ८४/६०, घाम आहे, शुद्धीत आहेत. स्ट्रिप काढून पाठवलीय. डीफिब्रिलेटर लावलाय. येताय ना?" वीस सेकंद लागतात. तोंडी ऑर्डर मिळाली तर उलट वाचून दाखवा आणि वेळ लिहा.

## ६. औषधं

ॲडेनोसिन, एसव्हीटी मोडायला. रक्तात गेल्यावर याचं निम्मं बळ दहा सेकंदांच्या आत संपतं. त्यामुळे हाताच्या पंज्यावरची बारीक शीर उपयोगाची नाही, कोपराच्या खोबणीतली मोठी हवी. थ्री-वेच्या एका तोंडाला ६ मिलिग्रॅम, दुसऱ्याला २० मिली सलाईन. झटक्यात औषध, त्याच झटक्यात सलाईन, हात वर. दुसरा डोस १२ मिलिग्रॅम. सुई टोचायच्या आधी ईसीजीचा कागद चालू करून ठेवा, कारण ठोका मोडतो त्या क्षणाची रेघ सगळ्यात मोलाची असते. आणि रुग्णाला आधी सांगा: "काका, दहा-पंधरा सेकंद छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटेल, जीव जातोय असं वाटेल, पण ते निघून जातं. मी इथेच आहे." न सांगता दिलं तर तो माणूस परत तुम्हाला हात लावू देत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. दमेकरी असेल तर डॉक्टरांना आधी कळवा.

त्याआधी डॉक्टर फुंकर मारायला सांगतील. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं करून पाय ४५ अंशांवर धरायचे. खर्च शून्य, आणि बऱ्याच जणांचा ठोका यानेच जाग्यावर येतो. मानेची शीर चोळायचं काम मात्र आपलं नाही.

अमिओडॅरोन, व्हीटीसारख्या भरधाव ठोक्यांसाठी. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच घाला, नॉर्मल सलाईनमध्ये नाही. सुरुवातीचा डोस बहुधा १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत. बीपी पडतं, शीर जळते. दर अर्ध्या तासाने सुईची जागा बघा, लाल पट्टा दिसला की शीर बदला.

डिगॉक्सिन. देण्याआधी छातीवर पूर्ण मिनिट मोजा. ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवा आणि विचारा. मळमळ, भूक मेलेली, दिव्याभोवती पिवळं-हिरवं वलय ही विषबाधेची खूण. लॅसिक्सने (लघवी वाढवणारं औषध) किंवा जुलाबाने पोटॅशियम घटलं की हीच गोळी त्याच डोसमध्ये विष होते.

पोटॅशियम क्लोराइड. याची अँप्यूल शिरेत थेट कधीही द्यायची नाही. कधीही. हृदय जागच्या जागी थांबतं. सलाईनमध्ये घालून, बाटली उलटसुलट हलवून, साध्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास. ट्रेमध्ये ही अँप्यूल इतरांबरोबर ठेवू नका.

ॲट्रोपिन. मंद ठोक्यांसाठी १ मिलिग्रॅम, तीन ते पाच मिनिटांनी परत, एकूण ३ पर्यंत. पूर्ण ब्लॉकमध्ये (वरच्या कप्प्यांचा इशारा खाली पोचतच नाही) बहुतेकदा काम करत नाही, म्हणून पेसिंगची (यंत्राने ठोके देण्याची) आणि पाठवणीची तयारी तेव्हाच सुरू करा.

## ७. शॉक

नाडी आहे पण रुग्ण कोसळतोय, तेव्हा सिंक्रोनाइज्ड शॉक: सिंकचं बटण दाबून प्रत्येक ठोक्यावर खूण दिसते का बघा. नाडी नाही आणि व्हीएफ आहे, तेव्हा सिंक बंद. सिंक चालूच राहिलं तर मशीन ठोका शोधत बसतं आणि शॉक सुटत नाही. उलट बाजूने, पुष्कळ मशीनं एका शॉकनंतर सिंक आपोआप काढून टाकतात, दुसऱ्या शॉकआधी परत दाबावं लागतं.

छाती कोरडी, पॅडलला डीफिब्रिलेटरचं जेल (सोनोग्राफीचं चालत नाही), ऑक्सिजनचा मास्क छातीपासून लांब, लोखंडी खाटेला कुणाचा हात नाही. "सगळे बाजूला" मोठ्याने म्हणा आणि डोळ्यांनी खात्री करा. नाडी नसलेल्या रुग्णाला शॉक दिल्यावर नाडी शोधत बसू नका, लगेच दोन मिनिटं छाती दाबा: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांना दोन श्वास.

इथे एक गंमत. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला सगळे "सीपीआर"च म्हणतात. मी छाती दाबत असताना "सीपीआर चालू आहे" असं ओरडले, तर नातेवाईक बाहेर गाडी काढायला धावले.

## ८. आपल्याकडचे दोन खास रुग्ण

लाल विंचू. जांभ्याच्या गडग्यात, सरपणात, पेंढ्यात असतो. याच्या विषाने शरीरातली सगळी ॲड्रिनलिन एकदम सुटते: ठोके भरधाव, बीपी आधी चढतं मग कोसळतं, फुप्फुसात पाणी. नव्या सिस्टरची चूक अशी की जो जास्त विव्हळतो त्याच्याकडे ती आधी धावते. खूप दुखतंय पण हातपाय गरम आहेत, तो बहुधा वाचलेला. जे पोर फारसं रडत नाही, पण घामाने भिजलंय, उलट्या करतंय आणि ज्याचे पंजे थंडगार आहेत, ते आधी घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली आणि जगाने ती उचलली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीनंतर रुग्णाला उठवून बसवू नका, कडेवर घेऊ देऊ नका, बीपी झटकन पडतं. हातपाय गरम होईपर्यंत तीन-तीन तासांनी डोस परत द्यावा लागतो, म्हणून दर अर्ध्या तासाने पंजे हात लावून बघा आणि "थंड/कोमट/गरम" असं लिहा. सलाईन बेताने.

पिवळी कण्हेर. कुंपणाला सगळीकडे आहे. बी खाल्लेला रुग्ण बऱ्याचदा चालत येतो, उलटी होते, आणि "माका काय जावक नाय, घराक जातंय" म्हणतो. तिचं विष डिगॉक्सिनच्याच जातीचं. ठोके हळूहळू मंद होतात, ब्लॉक येतो, आणि हे काही तासांनीही होतं. निदान २४ तास मॉनिटर सोडायचा नाही, संडासलाही एकटं पाठवायचं नाही. पोटॅशियम चढलेलं असू शकतं, तेव्हा भेटायला आलेल्यांचं शहाळं बाजूला ठेवा. आणि बी का खाल्लं हा प्रश्न सासू-नवऱ्यासमोर नको, रात्री शांतपणे विचारा.

## ९. घाटापलीकडे पाठवताना

१०८ ला फोन करताना "हृदयाचा पेशंट, मॉनिटर आणि डीफिब्रिलेटर असलेली गाडी हवी" असं स्पष्ट सांगा. पावसात फोंडा किंवा करूळ घाटात दरड आहे का ते आधी विचारा. घाटात नेटवर्क जातं, म्हणून पुढच्या रुग्णालयाशी बोलणं आणि स्ट्रिप पाठवणं गाडी सुटायच्या आधीच उरका.

शिरा दोन हव्यात, वळणावर एक निघतेच. सिलिंडर किती भरलाय ते काट्यावर बघा. बरोबर द्यायचं: मूळ ईसीजी आणि झेरॉक्स, दिलेली औषधं वेळेसकट, शेवटची गोळी कधी घेतली, आणि आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा) कागद असेल तर तो. नातेवाइकांपैकी गोळ्यांची माहिती असलेला माणूस गाडीत बसवा. मोठ्या आवाजाचा नव्हे.

## १०. घरी सोडताना

गणपतीत आणि शिमग्याला आपल्याकडे एएफचे रुग्ण वाढतात असं माझं निरीक्षण. चाकरमानी मुंबईहून येतात, गोळ्यांचा डबा दादरच्या घरी राहतो, आणि पाचव्या दिवशी धडधड घेऊन दारात. सोडताना पुढच्या प्रवासापुरत्या गोळ्या कुठल्या खिशात, इथपर्यंत बोला. बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) एकदम बंद करायचा नाही हे नक्की सांगा.

वॉरफरिन किंवा एसिट्रोम (गुठळी होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या) चालू असेल तर आयएनआर बहुतेकांना २ ते ३ मध्ये हवा. पालेभाजी बंद करा असं सांगू नका, आपल्याकडे ते कुणी पाळत नाही. पण श्रावणात रोज टाकळा, अळू, शेवग्याचा पाला आणि उरलेलं वर्ष मासळी असं केलं तर आयएनआर खाली-वर होतो. बेताने, आठवडाभर सारखी खा, असं सांगा. सांधेदुखीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही. आणि माडावर चढायचं नाही: डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. पाडेली असेल तर हे ऐकून गप्प बसतो, कारण ते त्याचं पोट असतं. तेव्हा बायकोलाही बोलवा आणि डॉक्टरांशी बोलणं घडवून आणा.

घरच्या एकाला नाडी मोजायला शिकवा, तुमच्यासमोर तीनदा मोजून घ्या. शेवटी बिघडलेल्या ठोक्याच्या ईसीजीच्या दोन झेरॉक्स काढा. एक रुग्णाकडे, रेशनकार्डाच्या पिशवीत. दुसरी गावच्या घरी देवघराच्या फळीवर. पुढच्या गणपतीत तो माणूस रात्री दोनला परत आलाच, तर त्याच्या पुतण्याला स्कूटरवरून ती आणायला वीस मिनिटं लागतात.